दोनशे गोळ्यांची अट

गिरीश देवधरनं सत्तावीस वर्षं लोकांच्या तक्रारी परत पाठवायचं काम केलं, आणि मन लावून केलं. गाड्यांच्या सीटबेल्टची बकलं बनवणारी त्याची कंपनी डेट्रॉइटजवळ नोव्हायला, घरापासून दहा मिनिटांवर. कुणाचं बकल अडकलं, कुणाचं आपोआप सुटलं, की तो भाग वॉरंटीत त्याच्या टेबलावर यायचा. गिरीश तो उलटसुलट करायचा, मशीनवर हजार वेळा लावून-काढून बघायचा आणि शंभरातल्या साठ भागांवर एकच शेरा लिहायचा: दोष आढळला नाही. मग गेल्या जुलैत कंपनीनं केक कापला, चार शब्द गोड बोलली आणि त्यालाच घरी पाठवलं. छप्पन्नाव्या वर्षी माणसात काय दोष आढळला हे कुणी कागदावर लिहून देत नाही.

नोकरी गेल्याचं दुःख तसं पचलं असतं. पण नोव्हेंबरात, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला तो आणि कांचन गेले असताना, भरदुपारी घर फुटलं. चोरांनी टीव्हीला हात लावला नाही, लॅपटॉपला नाही. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी डबे उलटे केले. तांदूळ, तूरडाळ, रवा, साबुदाणा असा सगळा सडा जमिनीवर, आणि त्यात पोह्यांचा रिकामा डबा. कांचनच्या आईच्या पाटल्या आणि तिचं लग्नातलं मंगळसूत्र त्या डब्यात होतं. दागिने गेल्याचं तिला वाईट वाटलंच, पण ती हादरली ती दुसऱ्याच गोष्टीनं. ‘‘त्यांना पोह्यांचा डबा माहीत होता, गिरीश,’’ ती त्या दिवशी पन्नास वेळा म्हणाली. ‘‘म्हणजे त्यांना आपण माहीत आहोत.’’

तेव्हापासून कांचनचा नियम झाला: घर रिकामं ठेवायचं नाही, आणि घरात एकटं राहायचं नाही. एकेक नियम सोसण्यासारखा होता, पण दोन्ही मिळून जे कुलूप तयार झालं त्याची किल्ली कुठल्याच कारखान्यात बनत नव्हती. दोघांनी मिळून बाहेर जायचं तर घर रिकामं, एकानं जायचं तर कांचन एकटी. तिनं स्वतः एकटीनं बाहेर पडायचं तर परत येताना दार उघडण्याच्या कल्पनेनंच तिचे पाय गार पडत. ती डेंटिस्टच्या ऑफिसचं बिलिंग घरूनच करायची, त्यामुळे तिची अडचण नव्हती. किराणा दारात यायचा. अडचण झाली ती गिरीशची. इंटरव्ह्यू व्हिडिओवर, डॉक्टर व्हिडिओवर, चालायला जायचं तर बेसमेंटमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आठवड्यातून एकदा, शनिवारी, शेजारच्या गल्लीतल्या शुभामावशी विणकाम घेऊन तीन तास येऊन बसत. त्यांच्या घरी नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तीन तासांवर एक मिनिट नाही. त्या तीन तासांत देवधरांनी काय ते जग बघून घ्यायचं.

पिस्तूल घ्यायची कल्पना गिरीशची. कांचनला ते हातात धरता आलं, वापरता आलं, तर ती एकटी राहू शकेल असा त्याचा साधा हिशोब. पोर्टलंडहून मुलीनं, उल्कानं, फोनवर ‘‘बाबा, आर यू सीरियस?’’ एवढंच विचारलं आणि चार दिवस फोन केला नाही. पिस्तुलाबरोबर एक लोखंडी पेटी आली आणि पेटीबरोबर दोन किल्ल्या. चोरांना सगळे डबे माहीत असल्यामुळे कांचननं आपली किल्ली अशा ठिकाणी लपवली की दुसऱ्या दिवशी ती तिलाच सापडेना. आजतागायत सापडलेली नाही. उरलेली किल्ली गिरीशनं जानव्याला बांधली. त्याचे आजोबा ट्रंकेची किल्ली तशीच बांधायचे. कांचन हसली, पण नको म्हणाली नाही, कारण चोर अंगावरचं जानवं तपासणार नाहीत एवढी खात्री तिला होती. पेटी उघडायची झाली की गिरीश शर्टाच्या गळ्यातून जानवं ओढून काढायचा आणि पेटीवर वाकायचा.

डिसेंबरात दोघं पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर गेली. नवंकोरं पिस्तूल तिसऱ्याच गोळीला अडकलं. रिकामं काडतूस बाहेर पडायचं ते पिस्तुलाच्या बाजूच्या खिडकीतच उभं राहिलं आणि वरची स्लाइड त्याच्यावर दात रोवून बसली. गिरीशनं ते झटकून काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा पाचवीला तेच. कांचन कानावरचे मफ दोन्ही हातांनी दाबून बघत होती.

‘‘बघ,’’ ती म्हणाली. ‘‘ऐनवेळी हे असंच करणार.’’

‘‘अगं, वॉरंटी आहे.’’

‘‘चोराला सांगू का, थांब बाबा, वॉरंटी आहे म्हणून?’’

गिरीशनं कंपनीला जे पत्र लिहिलं ते वाचून त्यांचा वॉरंटी विभाग हळवा झाला असेल. आयुष्यभर आपल्या गिऱ्हाइकांनी कसं लिहावं असं त्याला वाटत होतं तसं ते होतं. फोटो, गोळ्यांच्या खोक्यावरचा नंबर, कितव्या गोळीला काय झालं त्याचा तक्ता, रेंजवरचं तापमानसुद्धा. कंपनीनं कुरियरचं लेबल पाठवलं, पिस्तूल गेलं. तीन आठवडे पेटी रिकामी होती, तरी किल्ली जानव्यालाच.

त्याच तीन आठवड्यांत कॅरी या गावची नोकरी आली. नॉर्थ कॅरोलायनातली इन्सुलिन पंप बनवणारी कंपनी, तिच्या तक्रार विभागात प्रमुख म्हणून. पहिले सहा आठवडे तिथं राहणं भाग, मग महिन्यातला एक आठवडा, बाकी घरून. नऊ मार्चला हजर व्हायचं. सहा महिने कुणी न विचारलेल्या माणसाला ही लॉटरी होती, आणि वय बघता पुढची लॉटरी लागण्याची शक्यता नव्हती. त्यानं कांचनला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

‘‘तू परवा काय म्हणालास? नवं पिस्तूल दोनशे गोळ्या न अडकता चाललं तरच विश्वास ठेवायचा?’’

‘‘हो. साधारण तेवढा आकडा धरतात.’’

‘‘मग माझ्या हातून दोनशे सुटू देत. एकसुद्धा न अडकता. मग तू जा.’’

आपल्याच तोंडातून निघालेला आकडा असा आपल्याच गळ्यात पडेल हे गिरीशला सुचलं नव्हतं. पण अट रास्त होती. निदान मोजता येण्यासारखी होती, आणि जे मोजता येतं त्याची त्याला कधी भीती वाटली नाही.

जानेवारी संपता संपता पिस्तूल परत आलं. कुरियरवाल्यानं घरात मोठं माणूस आहे का, सही लागेल, असं विचारलं. ‘‘सही करायला मी घरीच असतो,’’ गिरीश म्हणाला, आणि कांचनसुद्धा आतून हसली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: एक्स्ट्रॅक्टर बदलला, पन्नास गोळ्या झाडून तपासलं, व्यवस्थित. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे रिकामं काडतूस ओढून बाहेर काढणारी लहानशी आकडी. म्हणजे दोष खरा होता, आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे दुरुस्त केला होता. गिरीशला त्या अनोळखी माणसाबद्दल मनापासून आदर वाटला. शनिवारी शुभामावशी येऊन बसल्या, आणि त्यानं रेंजवर स्वतः दोनशे गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. त्याच्या अंगठ्याला फोड आला आणि तोंडावर नोव्हेंबरपासून न दिसलेलं तेज.

पुढच्या शनिवारी कांचनची पाळी. एकतिसाव्या गोळीला पिस्तूल अडकलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि अठ्ठावन्नला अडकलं. तेच दृश्य, तेच काडतूस खिडकीत उभं. ‘‘परत पाठव,’’ कांचन म्हणाली. परत पाठवायचं म्हणजे आणखी तीन आठवडे, म्हणजे नऊ मार्च हातची गेली. गिरीशनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सर, हे सगळ्यांच्या हातात होतं, की एकाच व्यक्तीच्या?’’

हा प्रश्न तो ओळखत होता. त्याच्या कंपनीच्या फॉर्मवर तो तिसऱ्या क्रमांकाला होता आणि तो त्यानंच घातला होता: बकल सगळ्यांना अडकतं, की एकाच ड्रायव्हरला? उत्तर ‘एकाच’ असं आलं की पुढचा फॉर्म वाचायची गरज नसे. टोलीडोच्या एका बाईनं त्याला तीन पत्रं पाठवली होती, तिन्ही हातानं लिहिलेली. बकल निघत नाही, मी आत अडकून बसते, माझा जीव घाबरतो. तिन्ही वेळा त्यानं दोष आढळला नाही असं कळवलं, आणि बकलात खरोखरच काही दोष नव्हता. बाई कशाला घाबरत होती हे विचारायला फॉर्मवर जागा नव्हती.

‘‘मी तपासून सांगतो,’’ असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिसऱ्या शनिवारी त्यानं फोनवर व्हिडिओ घेतला. कंपनीला पुरावा द्यायचा तर स्लो मोशनमध्ये द्यावा, एवढाच हेतू. कांचन छान झाडत होती. शंभर ओलांडल्यावर गिरीश ओठ हलवत मोजायला लागला. एकशे बाराला अडकलं. रेंजवर देखरेख करणारा म्हातारा वॉल्ट लांबून बघत होता. त्यानं नुसती मान हलवली आणि दुसरीकडे गेला.

घरी आल्यावर, कांचन वर चहा करत असताना, गिरीश बेसमेंटमध्ये व्हिडिओ लावून बसला. एकशे अकरा गोळ्यांत तिचं मनगट सरळ होतं. पिस्तुलाची स्लाइड जोरानं मागे येते तेव्हा तिला मागून हाताचा टेकू लागतो. हात सैल पडला तर ती पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. नवशिक्यांचं हे नेहमीच होतं, थकलेल्या हाताचं तर होतंच. पण एकशे बारावी गोळी झाडण्याआधी कांचन थांबली होती. तिनं लक्ष्याकडे नाही, फोनकडे बघितलं. म्हणजे त्याच्याकडे. मग कोपर थोडं वाकलं, मनगट सैल झालं, आणि चाप ओढला गेला.

त्यानं ते सात वेळा बघितलं. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याच्या डोक्यात तिडीक गेली होती; तीन महिने बेसमेंटमध्ये येरझारा घालतोय मी, आणि ही! पाचव्या वेळेला राग उतरला. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. बसची वाट बघणाऱ्या माणसाला बस दिसावी आणि त्यानं हात न करता ती जाऊ द्यावी, तसा तो चेहरा होता. सातव्या वेळेनंतर त्याला नुसतं रडू येईल असं वाटलं. तिला सांगावं, तर तू खोटं वागलीस असं सांगणं होतं, आणि भीतीनं अर्धी झालेली बायको उरलेली अर्धीही मोडली असती. न सांगावं, तर कॅरीच्या कंपनीला सोमवारी नकार कळवायचा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत म्हातारं व्हायचं. त्यानं दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हीकडे भिंतच होती.

तो वर आला. ओट्यावर हल्ली सगळं काचेच्या बरण्यांत असायचं, आत फक्त धान्य आहे हे बाहेरून दिसावं म्हणून. कांचननं चहा गाळला.

‘‘व्हिडिओ बघितलास?’’

‘‘बघितला.’’

‘‘काय सापडलं?’’

गिरीशनं तोंड उघडलं आणि सत्तावीस वर्षांची सवय बाहेर पडली. ‘‘दोष आढळला नाही.’’

कांचन कप हातात घेऊन उभी राहिली. ती या वाक्याबरोबर सत्तावीस वर्षं संसार करत होती. ते कधी लिहितात हे तिला ठाऊक होतं. तिची मान हळूहळू खाली गेली. चहावर साय धरली.

‘‘मग परत नको पाठवूस,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘पुढच्या शनिवारी जाऊ.’’

सोमवारी गिरीशनं कॅरीला होकार कळवला, म्हणजे हो म्हटलं आणि घाबरला.

चौथ्या शनिवारी त्यानं फोन गाडीतच ठेवला. कांचननं पहिल्या शंभर गोळ्या न बोलता झाडल्या. एकशे अकरा झाल्या आणि ती थांबली. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. गिरीशनं आपली नजर लांबच्या कागदावर ठेवली, तिथं जणू काही फार महत्त्वाचं छापलं होतं. आवाज झाला. काडतूस टणकन जमिनीवर पडलं. एकशे बारा.

एकशे साठनंतर तिचा हात भरून आला. तिनं पिस्तूल खाली ठेवलं, हात झटकले, पुन्हा उचललं. एकशे नव्वद. वॉल्ट येऊन मागे उभा राहिला होता. दोनशेवी गोळी सुटली तेव्हा त्यानं ‘‘दॅट्स अ गुड गन, मॅम,’’ म्हणून टोपी उचलली. कांचन हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्या हातात जोर नव्हता. गिरीशनं आपल्या रुमालानं पुसलं.

‘‘आता जा,’’ ती म्हणाली.

परत येताना गाडीत ती बराच वेळ बाहेर बघत होती.

‘‘एकशे बारावी मी मुद्दाम अडकवली होती.’’

‘‘माहितीये.’’

‘‘पहिल्या दोनसुद्धा मुद्दामच, असं वाटतंय ना तुला?’’

‘‘पहिल्या दोनचा व्हिडिओ नाही,’’ गिरीश म्हणाला. ‘‘त्यामुळे मत देता येत नाही.’’

तिला हसू फुटलं, मग त्यालाही. शुभामावशींना तीन तासांवर चार मिनिटं उशीर झाला आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात गिरीशनं यादी केली. घरात काय काय बिघडू शकतं आणि त्यावर काय करायचं, अशी एकेचाळीस कलमांची छापील यादी फ्रिजवर लागली. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर, पाण्याचा मुख्य नळ, गॅरेजच्या रिमोटची बॅटरी, वॉल्टचा नंबर, पोलिसांचा नंबर, शुभामावशींचा लँडलाइन. पिस्तूल पेटीत, पेटी तिच्या बाजूच्या पलंगाखाली, हे सतरावं कलम. कांचन यादी वाचून प्रत्येक कलमापुढे बरोबरची खूण करत गेली. रविवारी सकाळी त्यानं आंघोळ केली, संध्या केली नाही तरी जानवं सवयीनं हातात घेऊन सारखं केलं, इस्त्रीचा शर्ट घातला. टॅक्सी आली. कांचन दारात उभी राहिली, हात हलवला नाही, पण दार लगेच लावलंही नाही. गल्लीच्या वळणावर त्यानं मागे बघितलं तेव्हाही ती दारातच होती. त्याला तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःचाही थोडा.

डेट्रॉइटच्या विमानतळावर तो तपासणीच्या यंत्रात हात वर करून उभा राहिला. बाहेर आल्यावर पडद्यावर त्याच्या जागी दाखवलेल्या बाहुलीच्या छातीवर पिवळा चौकोन दिसत होता.

‘‘सर, छातीवर काय आहे?’’ निळे हातमोजे घातलेल्या पोरानं विचारलं.

‘‘काही नाही,’’ गिरीश म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं. त्यानं शर्टाच्या गळ्यात बोट घालून जानवं बाहेर ओढलं. त्याच्या टोकाला ती लहानशी किल्ली लटकत होती. एकेचाळीस कलमांत ती कुठंच नव्हती. अंगावरच्या गोष्टीची यादी करायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पोरानं किल्ली बोटांनी चाचपली, दोऱ्याकडे बघितलं आणि जायला सांगितलं. गिरीश बूट हातात घेऊन तसाच बाकावर बसला. दोनशे गोळ्या, चार शनिवार, नवा एक्स्ट्रॅक्टर, आणि ते सगळं पलंगाखाली लोखंडात बंद. कांचन घरात एकटी, पेटीजवळ, रिकाम्या हातानं. परत फिरायचं तर विमान गेलं, उद्याची हजेरी गेली, आणि परत गेल्यावर पुन्हा या उंबऱ्याबाहेर पाय पडेल याची खात्री नव्हती. त्यानं फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

‘‘कांचन, किल्ली...’’

‘‘जानव्याला आहे. माहितीये.’’

‘‘माहितीये म्हणजे?’’

‘‘सकाळी आंघोळ करून आलास तेव्हा बघितली.’’

‘‘अगं मग बोलायचं ना!’’ त्याचा आवाज एवढा चढला की शेजारच्या बाईनं आपली बॅग जवळ ओढली.

‘‘बोलता आलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तोंड उघडलं असतं तर किल्लीचं नाव निघालं नसतं, गिरीश. जाऊ नकोस, एवढंच निघालं असतं. म्हणून मी तोंडच उघडलं नाही.’’

कॅरीजवळच्या रॅलेच्या विमानासाठी रांगा करायची घोषणा झाली, आणि ती तिलाही फोनमधून ऐकू गेली.

‘‘मी येतो परत,’’ तो म्हणाला.

‘‘येऊ नकोस. कुरियरनं पाठव.’’ तिचा आवाज अगदी सरळ होता, पहिल्या एकशे अकरा गोळ्यांसारखा. ‘‘सही करायला मी घरीच आहे.’’

मग तिनं फोन कुठंतरी ठेवल्यासारखं वाटलं, पण कट केला नव्हता. गिरीशनं बूट घातले. फोन कानाला लावून तो गेटपर्यंत चालत गेला आणि रांगेत उभा राहिला. पलीकडे काहीतरी फरशीवरून घासत सरकलं. तो आवाज त्याला ओळखीचा होता, डायनिंगच्या जड खुर्चीचा, आणि तो स्वयंपाकघराकडून पुढच्या दाराकडे जात होता. मग दुसऱ्या खुर्चीचा. डायनिंगच्या सहा खुर्च्या होत्या. त्याच्यापुढची बाई आत गेली. तिसरी खुर्ची सरकली तेव्हा त्यानं एका हातात किल्ली घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं बोर्डिंग पास पुढे केला.